टिंगलिंगचा तिसरा खोका

मी एक जुना लाकडी खोका आहे. उंची साडेपाच फूट, पोट रिकामं, पुढच्या अंगाला एक मोठं गोल भोक आणि त्याच्याखाली वीतभर अंतरावर एक बारीक भोक. मोठं भोक सुताराने पाडलं, बारीक भोक गोळीने. हल्ली माझ्या पोटात मिस वेरोनाच्या कोंबड्या अंडी घालतात. रस्त्याने जाणारे मला खुराडं समजतात.

मित्रांनो, मी खुराडं नाही. मी टिंगलिंगच्या साउंडचा तिसरा खोका आहे. मी घुमायला लागलो की टॅनरी लेनमधल्या काचा थरथरायच्या आणि गरोदर बायका पोटावर हात ठेवून लांब जाऊन बसायच्या. माझी गोष्ट गोड नाही. गोड ऐकायची असेल तर दुसऱ्या कुणाची ऐका.

मला एवराल्ड पिनॉकने बनवलं. किंग्स्टनमध्ये टॅनरी लेनच्या तोंडाशी त्याचं पत्र्याचं दुकान होतं. दारं, पलंग, शवपेट्या, जे सांगाल ते करून द्यायचा. हेझेकाया टिंगलिंगने त्याला चार खोके सांगितले. टिंगलिंगचा साउंड होता, म्हणजे रेकॉर्ड लावायचं यंत्र, एक खटारा लॉरी आणि उघड्या मैदानात नाच भरवायची छाती. नुसते खोके तेवढे राहिले होते.

पिनॉकची काम करायची एक पद्धत होती. खोका जोडून झाला की स्पीकर बसवायच्या आधी तो भोकातून डोकं आत घालायचा आणि खालच्या पट्टीत एक सूर लांबवायचा. सांधा सैल असेल तिथलं लाकूड भुणभुणतं. भुणभुण सापडली की तिथे खडूची खूण, मग सरस, मग शिकंजा, आणि परत सूर. माझा एक सांधा महाहट्टी निघाला. तीन दिवस तो माझ्या पोटात डोकं घालून गात होता. नुसत्या सुराचा कंटाळा आला म्हणून त्याने शब्द घातले. त्याची बायको त्याच महिन्यात त्याला सोडून गेली होती.

जातेस तर जा, पण हळू लाव दार,
पोर आत्ताच झोपलंय.

टिंगलिंग खोके न्यायला आला तेव्हा पिनॉकचं डोकं माझ्या आतच होतं. टिंगलिंगने त्याला कमरेला धरून बाहेर ओढलं.

"ए सुतारा, हे कुणाचं गाणं?"

"सांध्याचं," पिनॉक म्हणाला.

"मग सांध्याला म्हणावं, गुरुवारी स्टुडिओत ये."

अशी त्याची सुरुवात झाली. रेकॉर्ड निघाली तेव्हा गाणं रचणारा म्हणून टिंगलिंगने स्वतःचं नाव मोठ्या अक्षरात छापलं. पिनॉकचं नाव वाचायला डोळे बारीक करावे लागत. पण ती रेकॉर्ड पहिल्यांदा वाजली ती माझ्यातून, हे मी कुणाला विसरू देणार नाही. पहिलं कडवं संपायच्या आत लोकांनी तळहातांनी आमच्या अंगावर थापा मारायला सुरुवात केली. आमच्याकडे गाणं आवडलं की खोके बडवतात. फारच आवडलं तर कमरेची बंदूक काढून आभाळात एक गोळी झाडतात. तो सलाम असतो. सलाम मिळाला की रेकॉर्ड परत पहिल्यापासून लावायची. त्या दिवशी 'हळू लाव दार' आठ वेळा पहिल्यापासून लागलं.

त्या नाताळात ते गाणं बसमध्ये होतं, न्हाव्याकडे होतं, चर्चमधल्या बायका भांडी घासताना तेच गुणगुणत होत्या. पिनॉकने पांढरा सूट शिवला. माँटेगो बेला जाऊन तो थिएटरात गायला. मग त्याने दुसरं गाणं केलं, समुद्रावर. कुणी ऐकलं नाही. तिसरं देवावर केलं. चौथं मुलींवर, कारण टिंगलिंग म्हणाला, देवापेक्षा मुली बऱ्या चालतात. त्यांनाही कुणी विचारलं नाही. स्पॅनिश टाउनला तो नवं गाणं गायला उभा राहिला तर पब्लिक ओरडलं, "दार लाव, दार." तरी तो गात राहिला, तेव्हा एक बाटली आली आणि त्याची भुवई फुटली. रक्त पुसत त्याने दार लावलं. पब्लिक खूश. रक्त कुणाला दिसलंच नाही.

तीन वर्षांत पांढरा सूट पिवळा पडला आणि पिनॉक परत रंधा मारायला लागला. तोवर ठीक होतं, मित्रांनो. एका गाण्यावर आयुष्य संपलेली माणसं पुष्कळ असतात आणि ती काही त्याने मरत नाहीत. पण मग निवडणूक आली.

आमच्याकडे निवडणुकीत भाषणं मागाहून होतात, बंदुका आधी येतात. एका पक्षाने टॅनरी लेनला बंदुका वाटल्या, दुसऱ्याने फर्नेस पेनला. दोन वस्त्यांच्या मध्ये सिमेंटचा कोरडा नाला. त्या वर्षी नाल्यात आठवड्याला एखादं तरी प्रेत सापडायचं, आणि शाळेला जाणारी मुलं दप्तर सावरत त्याला वळसा घालून जायची. टॅनरी लेनच्या बंदुका ज्याच्या ताब्यात होत्या त्याला सगळे डीकन, म्हणजे चर्चचा सेवक, म्हणत. कायम काळा कोट, बोलणं हळू, चालणं हळू. फेब्रुवारीत फर्नेस पेनमधलं एक घर जळालं. दाराला बाहेरून तार गुंडाळली होती. आतली सात माणसं जळून मेली, त्यांतली चार लहान मुलं. कुणी केलं ते सगळ्यांना माहीत होतं. टॅनरी लेनमध्ये त्या दिवशी सगळ्यांनी रेडिओचा आवाज वाढवला, एवढंच.

ईस्टरच्या सोमवारी टिंगलिंगचा साउंड आणि फर्नेस पेनचा साउंड यांची झुंज ठरलेली होती. झुंज म्हणजे मैदानाच्या एका टोकाला आम्ही, दुसऱ्या टोकाला ते, आणि एकाआड एक रेकॉर्ड लावायची. ज्याच्यावर लोक जास्त नाचतील तो जिंकला. झुंजीसाठी साउंडवाले स्पेशल करून घेतात. गायकाने आपलं गाजलेलं गाणं नव्याने गायचं, त्यात आपल्या साउंडचं नाव घालायचं, समोरच्याची टिंगल करायची. त्याची एकच तबकडी कापतात, दुसऱ्या कुणाकडे ती नसते. आजवर ती टिंगल म्हणजे तुमचे स्पीकर खोकतात, तुमच्या लॉरीला गाढव जुंपा, इतपतच असायची.

झुंजीच्या आधीच्या बुधवारी भर दुपारी डीकन टिंगलिंगच्या गोदामात आला. बरोबर स्टिच नावाचा त्याचा उजवा हात. आम्ही चार खोके भिंतीला लागून उभे होतो. पिनॉक माझ्या मागच्या फळीच्या बिजागऱ्या बदलत होता. डीकनने त्याला एक कागद दिला. गाण्यात घालायचे शब्द त्यावर लिहिलेले होते.

फर्नेस पेनची दारं लावा, बाहेरून तार गुंडाळा,
पोरं आत्ताच झोपलीत.

पिनॉकने कागद दोनदा वाचला आणि परत दिला. म्हणाला, साउंडचं नाव घालतो, तुमचं नाव घालतो, तुम्ही देवाचे भाऊ आहात असंही म्हणतो, हे म्हणणार नाही.

"का?" डीकनने विचारलं.

"त्या घराचं दार माझ्या हातचं होतं, डीकन. मी ते दणकट बनवलं होतं. म्हणून ते आतून मोडलं नाही."

डीकन म्हणाला, "म्हणजे दारांतलं तुला कळतं." त्याने स्टिचला मान हलवून खूण केली. स्टिचने पिनॉकचा उजवा हात मनगटाला धरून गोदामाच्या दाराच्या फटीत, बिजागरीच्या बाजूला ठेवला. दार डीकनने स्वतः ढकललं, आणि सावकाश ढकललं. मी लाकूड आहे, लाकूड मोडल्याचा आवाज मला कळतो. हाडाचा आवाज त्याहून ओला असतो. पहिली दोन बोटं गेली तेव्हा पिनॉक किंचाळला. तिसऱ्याला किंचाळायला त्याच्याकडे श्वास नव्हता. टिंगलिंग आपल्या बुटांकडे बघत उभा होता. ते बूट त्याने 'हळू लाव दार'च्या कमाईतून घेतले होते.

चौथ्या बोटाला पिनॉक हो म्हणाला. तासाभरात तो स्टुडिओत होता, हाताला फडकं गुंडाळून. ती तबकडी मी नंतर ऐकली म्हणून सांगतो, आवाज सुरात लागला होता. एक श्रुतीसुद्धा हललेली नव्हती. मित्रांनो, मला ह्याचीच जास्त भीती वाटते.

सोमवारी दुपारी दोन वाजता बंद पडलेल्या सिनेमाच्या पटांगणात झुंज सुरू झाली. बंदुका आणायच्या नाहीत असं दोन्हीकडून ठरलं होतं आणि दोन्हीकडच्यांनी आणल्या होत्या. एका कोपऱ्यात टिंगलिंगची एकोणीस वर्षांची मुलगी वेरोना टेबल मांडून मासे तळत होती. माझा स्पीकर सकाळीच जळाला होता. टिंगलिंगने तो काढून टाकला, भोकावर जाळीचं कापड ठोकलं आणि मला तसाच रिकामा रांगेत उभा केला. चार खोक्यांच्या साउंडने तीनच खोके दाखवले तर लोक हसतात.

दोन तास बरे गेले. मग डीकनने बोट वर केलं आणि टिंगलिंगने ती तबकडी लावली. माझ्या शेजारच्या तिघांतून ते शब्द बाहेर पडले, माझी फळीन् फळी त्यांच्याबरोबर थरथरली. फर्नेस पेनची माणसं पलीकडे उभी होती. त्यांत जळालेल्या मुलांच्या मावश्या होत्या, शेजारी होते. आणि आमच्या बाजूची माणसं आम्हाला बडवायला लागली. ह्याच माणसांना मी वर्षानुवर्षं ओळखतो. शिंपी, मासे विकणाऱ्या, रविवारी चर्चमध्ये पुढच्या रांगेत बसणाऱ्या. त्यांना शब्द कळले नाहीत असं मला सांगू नका. पोरं आत्ताच झोपलीत, ह्या ओळीवर त्यांच्या थापा सर्वांत जोरात पडल्या. डीकनच्या माणसांनी आभाळात सात सलाम झाडले. मी लाकडाचा, मला नाही म्हणता येत नाही. त्यांना येत होतं.

फर्नेस पेनचा साउंड ऑब्री नावाचा म्हातारा चालवायचा. त्याच्याकडे जबाबी स्पेशल असणारच, आणि त्यात आमच्या आयाबहिणी असणारच, असं धरून सगळे थांबले. ऑब्रीने रेकॉर्ड चाळल्या आणि पिनॉकची मूळची रेकॉर्ड लावली. बाजारात मिळणारी, साधी. जातेस तर जा. पलीकडच्या बायका गायला लागल्या. नाच कुणी केला नाही, नुसतं उभं राहून गात होत्या. मग आमच्याकडचे ओठ हलायला लागले. शिंपी गात होता. वेरोना झारा हातात धरून गात होती.

पिनॉकला डीकनने पुढे, सगळ्यांना दिसेल असा उभा केला होता. तो चालत टिंगलिंगच्या माइकपाशी गेला. टिंगलिंगने त्याला अडवलं नाही.

"फर्नेस पेन," तो म्हणाला, "मघाचे शब्द डीकनचे होते. माझे हे आहेत." आणि तो रेकॉर्डबरोबर गायला लागला.

पुढचं जे झालं ते एका सवयीने झालं. गाणं काळजाला भिडलं की हात कमरेला जातो, ही आमच्याकडची सवय. स्टिचचा हात गेला. त्याच स्टिचचा. त्याच्या डोळ्यांत पाणी होतं, मी समोर होतो, मी बघितलं. त्याने आभाळात सलाम झाडला. शत्रूच्या साउंडला, भर झुंजीत, आपल्या बाजूने. फर्नेस पेनच्या पोरांना एवढंच कळलं की टॅनरी लेनकडून गोळी सुटली. त्यांनी झाडल्या त्यांतली पहिली स्टिचच्या गळ्यात शिरली.

त्यानंतर रेकॉर्ड कुणी बंद केली नाही. ती तशीच वाजत राहिली आणि माणसं पडत राहिली. शिंपी पडला. ऑब्री म्हातारा आपल्या यंत्रावर पालथा पडला तेव्हा कुठे गाणं थांबलं. अकरा माणसं. माशांची कढई उलटली आणि उकळतं तेल एका बाईच्या पायांवर गेलं, तिची किंकाळी गोळ्यांच्या वरताण होती. ह्या धांदलीत पिनॉकने माझी मागची फळी उघडली, आत शिरला आणि ती लावून घेतली. त्यानेच मला केलं होतं, माझं पोट केवढं आहे ते त्याला माहीत होतं. तो आत बसतो न बसतो तोच एक गोळी माझ्या पुढच्या फळीतून त्याच्या मांडीत घुसली. तेच हे बारीक भोक.

मैदान रिकामं झालं. टिंगलिंग गेला नाही, साउंडवाला आपली यंत्रं टाकून जात नाही. त्याने माझ्या खालच्या कडेतून ओघळणारं रक्त बघितलं. मग तो जमिनीवर बसला, बरोबर त्या ओघळावर, आणि माझ्या मागच्या फळीला पाठ टेकून त्याने पाय पसरले. डीकन तिघांना घेऊन परत आला.

"पिनॉक कुठाय?"

"पळाला हरामखोर," टिंगलिंग म्हणाला. "सापडला तर मलाही सांगा. माझे चारही खोके तिरके बनवलेत त्याने."

त्यांनी त्याला लोखंडी नळीने मारलं. आधी गुडघे, मग तोंड. प्रत्येक फटक्यानंतर डीकन तोच प्रश्न त्याच हळू आवाजात विचारायचा आणि टिंगलिंग पिनॉकला एक नवी शिवी द्यायचा. तोंडात दात उरले नाहीत तेव्हा शिव्याही कळेनाशा झाल्या. प्रत्येक फटका त्याच्या पाठीतून माझ्या फळीत आणि फळीतून पिनॉकच्या खांद्यात उतरत होता. पिनॉकने आपला शाबूत हात तोंडात कोंबला होता आणि तो त्याला चावत होता. त्याच्या आवाजासाठी बनलेल्या माझ्या पोटात त्याने हूं की चूं केलं नाही. टिंगलिंग बसल्या जागी मेला. ज्या माणसाने पिनॉकला आयुष्यभर लुबाडलं, ज्याने त्याची बोटं मोडताना बुटांकडे बघितलं, त्याने हे का केलं? मला माहीत नाही. ज्यांना कारण माहीत असल्यासारखं वाटतं त्यांच्यावर माझा विश्वास नाही.

डीकनचा पक्ष जिंकला. पिनॉक त्याच रात्री माझ्यातून बाहेर पडून पोर्टलंडच्या डोंगरात पळाला होता आणि तिथे डाव्या हाताने पलंग बनवत राहिला. दारं त्याने पुन्हा कधी बनवली नाहीत. परदेशातल्या कुठल्याशा कंपनीने ते गाणं पुन्हा काढलं आणि पाकिटावर छापलं की गायक त्या गोळीबारात मेला. मेलेला गायक जास्त खपतो. दर नाताळात रेडिओवर तो मेलेला पिनॉक गातो. साउंड मोडीत गेला, बाकीचे तीन खोके जळणात गेले, मी वेरोनाच्या परसात आलो. माझ्यावर ऊन, पाऊस, कोंबड्यांची शीट. डीकन म्हातारा झाला, त्याचं हार्डवेअरचं दुकान आहे, शाळेत बक्षिसं वाटायला त्याला बोलावतात.

बावीस वर्षांनी एका शनिवारी सकाळी एक लंगडा माणूस गेट उघडून आत आला. वेरोना माझ्या पोटातली घाण खरवडत होती. तो माझ्याकडे बघत राहिला. मग म्हणाला, "मिस वेरोना, मी त्या दिवशी ह्यात होतो."

"माहीत आहे मला," ती म्हणाली. तिने खरवडायचं थांबवलं नाही. "मी माशांच्या टेबलाखाली होते. बाबा कधी खोक्याला टेकून बसले नाहीत. दुसरं कुणी टेकलं तरी आईवरून शिव्या द्यायचे. त्या दिवशी टेकून बसले, तेव्हाच कळलं मला."

"मग कुणाला बोलली का नाहीस?"

"तू कुणाला बोललास?"

तो म्हणाला की तो तिच्या बापाच्या कबरीवर गाणार आहे, त्याचसाठी आलाय.

"गाणं नको मला," वेरोना म्हणाली. "गाणं बावीस वर्षं रेडिओवर ऐकतेय. नावं घे. इथे, गेटात उभा राहून, मोठ्याने."

"समोर डीकनचा पुतण्या डॉमिनो खेळतोय."

"म्हणून तर इथे."

पिनॉक गेटात गेला. त्याने तोंड उघडलं आणि खालच्या पट्टीत, ज्या पट्टीत तो माझे सांधे तपासायचा त्याच पट्टीत म्हणाला, हेझेकाया टिंगलिंगला ईस्टरच्या सोमवारी नळीने मारून ठार केलं. आणि चार नावं घेतली. पहिलं डीकनचं, त्याच्या आईबापाने ठेवलेलं, पूर्ण. डॉमिनोच्या सोंगट्या आपटायच्या थांबल्या. समोरच्या बाईने दोरीवरचे ओले कपडे तसेच उचलले आणि ती घरात गेली. मग वेरोना त्याच्या शेजारी जाऊन उभी राहिली आणि तिने तीच चार नावं परत घेतली, त्याच्याहून मोठ्याने.

त्याच आठवड्यात गेटच्या पत्र्याला दोन गोळ्या लागल्या. पिनॉक पुढच्या शनिवारी आला, त्याच्या पुढच्याही आला. गेल्या शनिवारी नावं घेणारी चार माणसं होती. तिसरा शिंप्याचा जावई. चौथी ती ओले कपडे घेऊन आत गेलेली बाई.

मित्रांनो, माझ्यासारख्या जुन्या वस्तू शेवटी म्हणतात, आम्हाला पुसा, रंग द्या, उन्हात टाकू नका. मला रंग नको. कोंबड्यांचा मला त्रास नाही. मला एवढंच सांगायचंय की खोक्याचं काम फार साधं असतं. एका माणसाचा आवाज घ्यायचा आणि तो लांबच्या माणसापर्यंत मोठा करून पोचवायचा. ह्याला अक्कल लागत नाही, मला नव्हती. पण आवाज कुणाचा आणि शब्द काय, हे निवडायची सोय मला नव्हती, ती तुम्हाला आहे. म्हणून थापा मारण्याआधी ऐका. आणि एखादा माणूस गेटात एकटा उभा राहून खरं बोलताना दिसला तर आत जाऊ नका. त्याच्या शेजारी उभे राहा आणि तो म्हणाला तेच परत म्हणा.